चवीपुरतं

स्वयंपाक करणाऱ्या बाईला दवाखान्यात विचारलं, ‘दिवसभरात काय काय खाता?’ तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘काही विशेष नाही हो डॉक्टर.’ नवरा सोबत आला असेल तर तो तेवढ्यात छताकडे बघतो. मी मात्र या उत्तरावर शंका घेत नाही, कारण तिच्या लेखी ते खरंच असतं. ताट वाढून घेऊन, खाली बसून जे खाल्लं ते जेवण. बाकी सगळं ओट्याशी उभ्याने, जाता-येता, चवीपुरतं. ते तिच्या हिशेबात येत नाही, शरीराच्या हिशेबात येतं.

म्हणून अशा वेळी मी एक काम लावते. जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून फ्रीजवर लावायचं आणि दोन दिवस जे तोंडात जाईल ते लिहायचं. का खाल्लं ते लिहायचं नाही, किती खाल्लं ते लिहायचं. परत येणारे हे कागद वाचण्यासारखे असतात. मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी. कुटासाठी दाणे भाजले त्यातली एक मूठ. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी, वरून चिमूटभर साखर. आमटीची चव तीनदा, त्यातली तिसरी मीठ बघायला नव्हती. रात्री पातेल्यात राहिलेला वाटीभर भात, कारण एवढ्याशा भातासाठी वेगळं भांडं कोण काढणार! भाजलेल्या दाण्यांची मूठ साधारण 30 ग्रॅमची असते आणि तेवढ्यात 170 च्या आसपास कॅलरी येतात. दाणे वाईट अजिबात नाहीत. या सगळ्या यादीत सर्वांत शहाणा पदार्थ तोच, कारण मुठीमागे सातेक ग्रॅम प्रथिनंही मिळतात. पण अशा तीन मुठी झाल्या की एक जेवण झालं, आणि ताटावरचं जेवण अजून व्हायचंच असतं.

आता दुसरी तक्रार. ‘चार वाजले की मला काहीतरी चटपटीत लागतंच. जिभेवर ताबाच नाही माझा.’ हे सांगताना बायका गुन्हा कबूल केल्यासारखा चेहरा करतात. मी जिभेकडे नंतर वळते, आधी सकाळपासूनचं वेळापत्रक विचारते. सहाला उठून चहा. मग डबे. नाश्त्याला सगळ्यांना पोहे, स्वतःला कढईच्या कडेचे दोन घास. साडेबाराला सासू-सासऱ्यांची पानं, मग कॉलेजातून येणाऱ्या मुलीचं, आणि स्वतः बसायची ती पावणेदोनला. तोवर भूक मरून गेलेली असते. त्यातही एक गंमत आहे. तासभर ज्या भाजीचा वास नाकात जातो, तिची ओढ आपसूक कमी होते. हे नखरे नव्हेत. एकाच वासाला आणि चवीला मेंदू लवकर कंटाळतो, वेगळ्या चवीची ओढ मात्र शाबूत राहते. 1980 च्या दशकापासून यावर पुष्कळ अभ्यास झालेले आहेत. आपण केलेलं भरीत खाववत नाही आणि शेजारणीने वाटीभर पाठवलेलं भरीत मात्र चाटूनपुसून संपतं, ते यामुळेच.

मग त्या पावणेदोनच्या पानात काय असतं, ते जरा जवळून बघा. दीड पोळी. भाजीतले बटाटे संपलेत, रस्सा आहे. घट्ट वरण आधीच्या पंगतीला गेलं. हिच्या वाटीत पाणी घालून वाढवलेली आमटी. सोबत लोणच्याची फोड, कारण त्याशिवाय घास उतरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला 46 ग्रॅमच्या आसपास. या पानातून त्यातली दहा ग्रॅमसुद्धा धड मिळत नाहीत. चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जातो, त्यात जिभेचा दोष थोडा आणि त्या दीड पोळीचा जास्त.

डबा वरच्या फळीवर ठेवा, असा सल्ला मी देत नाही. स्टूल घेऊन डबा काढणाऱ्या बायका मला चांगल्या माहीत आहेत. माझं सांगणं एवढंच, की आधी खा. सकाळी पोह्यांची बशी स्वतःलाही भरून घ्या आणि जोडीला उकडलेलं अंडं, मटकीची उसळ किंवा वाटीभर दही घ्या. मुगाचं धिरडं असेल तर उत्तमच. दुपारी सगळ्यांबरोबर बसा. घरात ते जमण्यासारखं नसेल, तर डाळ शिजली की पाणी घालायच्या आधी एक वाटी घट्ट डाळ काढून घ्या, वर तूप-लिंबू, सोबत अर्धी भाकरी, आणि साडेअकराला खुर्चीत बसून खा. ‘पण सगळ्यांच्या आधी कसं जेवायचं?’ हा प्रश्न मला अजूनही ऐकू येतो, साठीच्या बायकांकडून जास्त. तर हा लेख वाचणाऱ्या पुरुषांना माझी विनंती आहे: पहिली गरम पोळी तिच्या ताटात गेली म्हणून कोणी उपाशी राहिलेलं मी पाहिलेलं नाही. घरात स्वयंपाक तुम्हीच करत असाल, तर यातलं सगळं तुम्हालाही लागू आहे.

चार वाजता तरीही काहीतरी हवंसं वाटलं, तर खावं. फुटाणे-दाणे, दहीपोहे, काकडीची कोशिंबीर, आणि चिवडाच हवा असेल तर चिवडा. फक्त तो वाटीत काढून घ्या. डब्यात हात घालून खाल्लेल्या चिवड्याला शेवट नसतो.

चहाचं जरा वेगळं आहे. दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच 30 ग्रॅमच्या पुढे साखर झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराची साखर 20 ते 25 ग्रॅमच्या आत असावी. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्यामुळे जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा नको. लिंबाचं नेमकं उलटं आहे. पालेभाजीवर, उसळीवर, पोह्यांवर पिळलेलं लिंबू लोह शोषायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपल्याकडची रीत म्हणूनच सोडू नये. पोह्यांपाठोपाठ लगेच चहा प्यायची रीत मात्र बदलायला हवी. हे वाक्य अप्रिय ठरणार, याची मला कल्पना आहे.

लोहाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगते. खाण्याच्या काही ओढी या आवडीनिवडी नसतात, त्या आजाराची लक्षणं असतात. निवडता निवडता कच्चे तांदूळ चघळणं, पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावणं. ‘कच्चे तांदूळ खाल्लेस तर लग्नात पाऊस पडेल’ असं आपल्याकडे मुलींना दटावतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तिथे रक्ततपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं, म्हणजे निम्म्याहून जास्त. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की बर्फ-तांदळाची ओढ बहुतेकींची आपोआप सुटते, पुष्कळदा हिमोग्लोबिन पुरतं वर यायच्याही आधी. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. गरोदरपणात अशी ओढ लागली तर ‘डोहाळे आहेत’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अळिवाचे लाडू जरूर खा, पण ते गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या ऐवजी नाही.

उपवासाबद्दल थोडक्यात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून, तेव्हा कूट सढळ घाला, साबुदाणा मोजका ठेवा आणि सोबत दही घ्या. वऱ्याचे तांदूळ आणि भगरीचं पीठ ताजं, पाकीटबंद आणून लवकर संपवा. ओलसर हवेत त्यावर बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवशी विषबाधेचे रुग्ण येतात ते त्यातून. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. काही गोळ्या रिकाम्या पोटी साखर धोकादायक खाली आणतात. हातापायांना कापरं, दरदरून घाम आणि एकदम कडकडून भूक लागली तर तो मोह समजून आवरू नका. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, उपवास मोडला तरी चालेल.

ओट्यावरच्या सवयींपैकी मीठ आणि तेल या दोनच धरते. माणशी दिवसाला 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, बिस्किटं सगळं आलं. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत लागते. फक्त एकदम निम्मं न करता हळूहळू उतरवत जा, घरात कोणाला पत्ताही लागणार नाही. तेलाचा हिशेब डब्यावर करता येतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल पोटात जातं. बैठं काम करणाऱ्याला 20 ते 25 ग्रॅम पुरे. चकल्या तळून उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावं, पुन्हा तळणीला घेऊ नये.

आणि शिळा भात. फोडणीच्या भाताची मीही चाहती आहे. पण रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष सकाळच्या फोडणीनेही मरत नाही. रात्री भात उरला तर पसरट भांड्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. त्याची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच कच्च्या चिकनमधूनही येतो.

आता बाहेरचं जेवण. ‘डॉक्टर, हॉटेलात जाणं बंद करू का?’ अजिबात नको. आठवड्यातून एकदा कोणीतरी गरम वाढतंय, भांडी घासायची नाहीत, उद्याच्या डब्याची भाजी चिरायची नाही, याची किंमत मला कळते. मला आक्षेप आहे तो त्या दिवशीच्या तयारीवर. ‘रात्री बाहेर जायचंय’ म्हणून दुपारी चहा-बिस्किटावर राहायचं, साडेआठला रांगेत नंबर लावायचा, नऊला टेबल मिळायचं. त्या भुकेत मसाला पापड, मंचाव सूप आणि तळलेलं स्टार्टर एवढ्यानेच पोट भरतं, आणि खरं जेवण त्यानंतर येतं. त्या दिवशी दुपारी नेहमीसारखं जेवा. निघताना एखादं फळ किंवा ग्लासभर ताक घ्या.

मागवताना बाई बहुतेक वेळा मुलांचं आणि नवऱ्याचं मागवून होईपर्यंत गप्प असते, मग ‘मला यातलंच थोडं चालेल’ म्हणते. असं करू नका. घरी जे होत नाही ते स्वतःसाठी मागवा. तंदूरमध्ये भाजलेलं चिकन किंवा पनीर, तव्यावर भाजलेली मासळी, डोसा-सांबार, कोकणात-गोव्यात असाल तर सुरमईचं ताट आणि सोलकढी. लोणी-काजूच्या घट्ट रश्शाची एकच भाजी चौघांत घ्या, आणि नानऐवजी बिनलोण्याची तंदुरी रोटी. मिसळ हवी तर फरसाण वेगळं मागा, मटकी जास्त सांगा, पाव एक कमी. तर्री कितीही मोहक दिसली तरी ते तेल आहे. वडापाव? महिन्यातून दोन-चार वेळा, गरम तळणीतून निघालेला, आणि एकच. पावसाळ्यात पाणीपुरीला मात्र माझा साफ नकार. भीती पुरीची नाही, पाण्याची आहे: विषमज्वर, कावीळ, आणि गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेततं. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचं तिखट पाणी करा आणि हव्या तेवढ्या पुऱ्या खा.

शेवटी, कोणासाठी हा लेख पुरेसा नाही तेही सांगते. खूप खाऊनही वजन आपोआप उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, आधी रक्तातली साखर तपासून घ्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते, आणि रक्तदाबही त्याच फेरीत मोजून घेता येतो. जाताना फ्रीजवरचा तो कागद बरोबर न्या.