रेषेची ओळख

प्रस्तावना

अक्षर गिरवण्याआधी मूल रेघोट्या ओढते. पाटी, भिंत, अंगणातली माती, जे हाताशी येईल त्यावर ते ओढते. मोठी माणसे त्या रेघोट्या पुसून टाकतात. परंतु लेखन आणि चित्रकला या दोन्ही विद्यांचा आरंभ तेथेच होत असतो. कोलकाता शहराच्या कलापरंपरेच्या आधारे मुलांना रेषेची ओळख कशी करून देता येईल, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
- रेषेचे प्रकार ओळखता येतील;
- रेषेतून भाव कसा व्यक्त होतो, हे सांगता येईल;
- चूक आणि निर्मिती यांच्यातील नाते स्पष्ट करता येईल.

मूलपाठ

बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दिवशी लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडून पाटीवर पहिले अक्षर काढून घेतात. या विधीला 'हातेखडी' म्हणतात. आपल्याकडे मुलाला 'श्रीगणेशा' गिरवायला लावतात, त्यातलाच हा प्रकार. खडूने ओढलेली ती पहिली वाकडीतिकडी रेघ म्हणजे विद्येच्या घरातले पहिले पाऊल होय.

रेषा शिकवण्यासाठी कोलकात्यात साधने शोधावी लागत नाहीत. ट्रामचे रूळ समांतर रेषा दाखवतात. 1943 साली खुल्या झालेल्या हावडा पुलाच्या पोलादी सांगाड्यात उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषा एकमेकींना आधार देतात. त्याखालून वाहणाऱ्या हुगळी नदीच्या लाटांत वक्र रेषा दिसते. शिक्षकाने मुलांना प्रथम अशा रेषा पाहावयास सांगावे आणि मग कोरे कागद, कुंचला व काळी शाई हाती द्यावी. नियम एकच असावा : खोडरबर वापरायचे नाही. आडवी रेषा संथ वाटते, उभी रेषा ताठ वाटते, तिरपी रेषा धावते आणि वक्र रेषा डोलते, हे मुलांना व्याख्या पाठ न करताही हातातून कळते.

घरोघरी काढली जाणारी अल्पना हाही रेषेचाच धडा आहे. महाराष्ट्रात रांगोळीची कोरडी पूड चिमटीतून सोडतात. बंगालमध्ये तांदूळ वाटून त्याची पातळ पिठी करतात, तीत कापडाचा तुकडा भिजवतात आणि बोटावरून ओघळणाऱ्या पिठीने जमिनीवर वेल, पाने व लक्ष्मीची पावले रेखाटतात. ओली असताना ही रेषा फिकट दिसते. वाळल्यावर ती पांढरीशुभ्र होते. कोणत्याही चित्रशाळेत न गेलेल्या स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली.

एकोणिसाव्या शतकात कालीघाटच्या मंदिराजवळ पटुआ चित्रकार यात्रेकरूंसाठी चित्रे काढीत. चित्र स्वस्त हवे आणि लवकर पुरे व्हावयास हवे, ही त्यांची गरज होती. म्हणून गिरणीच्या कागदावर ते कुंचल्याच्या एका सलग फटकाऱ्यात खांद्याचा गोलवा किंवा साडीचा घोळ उभा करीत. पुढे छापील रंगीत चित्रे आणखी स्वस्त मिळू लागली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा व्यवसाय मावळला; तरी ती रेषा मेली नाही. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतलेले जामिनी रॉय (1887–1972) लोककलेकडे वळले आणि मोजक्या, ठसठशीत रेषांना त्यांनी आपल्या चित्रांत मानाचे स्थान दिले.

त्याच कलाशाळेत शिकलेल्या नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्रेतील गांधीजींचे चित्र केले. ते लिनोलियमवर कोरून छापलेले आहे. कोरलेला भाग पांढरा राहतो आणि उरलेला काळा उमटतो. काळ्या पार्श्वभूमीवर थोड्याच पांढऱ्या रेषा आहेत. पण हाती काठी घेऊन निघालेल्या त्या माणसाचा निर्धार त्यांतून दिसतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'सहज पाठ' या बालपुस्तकालाही नंदलालांचीच चित्रे आहेत. तेथे मुलाला अक्षर आणि चित्र एकाच वेळी भेटतात.

स्वतः रवींद्रनाथांची कथा प्रौढ विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोलकात्याच्या जोडासाँको येथे 1861 साली जन्मलेल्या या कवीचे मन शाळेत रमले नाही. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. 1924 च्या सुमारास 'पूरबी' या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितात ते नको असलेले शब्द खोडत. खोडलेल्या जागा रेषांनी जोडता जोडता त्यांतून पक्षी, चेहरे आणि विचित्र प्राणी आकाराला येऊ लागले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही सत्तरीच्या उंबरठ्यावर, 1930 साली, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली.

वर्गात खोडरबर बाजूला ठेवण्याचे कारण आता ध्यानात येईल. रेघ चुकली म्हणून मुलाच्या हातून पेन्सिल काढून घेतली, तर ते पुन्हा रेघ ओढण्यास धजत नाही. हीच भीती मनात बाळगून अनेक प्रौढ माणसे सही करतानाही संकोचतात. याउलट, 'या चुकलेल्या रेघेतून आणखी काय होऊ शकेल?' असे शिक्षकाने विचारले, तर मूल कागदाकडे नव्याने पाहते. रेघ सरळ यावी यासाठी सराव हवाच. परंतु सराव करण्यासाठी आधी हात निर्भय व्हावा लागतो.

शब्दार्थ

अल्पना – तांदळाच्या पिठीने जमिनीवर काढलेली नक्षी
पटुआ – पट म्हणजे चित्रे रंगवणारा कारागीर
फटकारा – कुंचल्याचा जोरकस ओढा
धजणे – धाडस करणे

स्वाध्याय

1. रांगोळी आणि अल्पना यांतील फरक स्पष्ट करा.
2. कालीघाटच्या चित्रकारांची रेषा सलग व वेगवान का झाली?
3. 'काळ्या दगडावरची रेघ' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
4. कृती : कागदावर डोळे मिटून एक रेघ ओढा. ती न खोडता तिच्यातून एक चित्र पूर्ण करा आणि त्या चित्राविषयी पाच वाक्ये लिहा.