विजेची सायकल आणि समुद्रकाठची सैर : भांडवल घालण्यापूर्वीचा हिशेब

सध्या तरुण मंडळींत एका नव्या धंद्याची चर्चा आहे. विजेच्या पाच-दहा सायकली घ्यायच्या, कोकणात किंवा गोव्यात समुद्रकाठी ठेवायच्या आणि पर्यटकांना वाटाड्यासह फिरवून आणायचे. मोडनिंब, टेंभुर्णी, कुर्डुवाडी भागातील मुलेही याची विचारपूस करतात. यात कोणाच्या वडिलांची निवृत्तीची रक्कम जायची असते, तर कोणाच्या भावाने आखातातून पाठवलेली बचत. म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कापडाच्या गिऱ्हाइकापुढे आपण थान उलगडतो, तसा हा धंदा आज वाचकांपुढे उलगडून ठेवतो.

माल काय आहे?

पायडल मारताना मोटारीची मदत मिळणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. माणूस जोर लावतो तेव्हा मोटार त्यात आपला जोर मिळवते. आजच्या सायकलीत बहुधा ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती १४ अँपिअर-तासांची असेल तर ३६ गुणिले १४ म्हणजे ५०४ वॅट-तास, अर्थात साधारण अर्धा युनिट वीज तिच्यात मावते. पायडल मारत गेल्यास एका किलोमीटरला १०-१२ वॅट-तास लागतात असे धरले तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाता येते. पाय न हलवता नुसती मूठ पिळली, किंवा चढ फार असला, तर हाच पल्ला निम्म्यावर येतो. विक्रेता पल्ला सांगतो तो सपाट रस्त्याचा; आपण खरीद करतो ती घाटासाठी, हे ध्यानात ठेवावे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ते वाहन मोटार वाहन धरले जात नाही. त्याला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. मात्र त्या नमुन्याला सरकारमान्य चाचणी संस्थेचा दाखला हवा. खरीद करताना त्याची प्रत मागून घ्यावी. यापेक्षा जोरदार गाडी घेतली की ती मोटारसायकल ठरते. मग नोंदणी, विमा, लायसन्स हे सगळे आले आणि भाड्याने देण्यासाठी १९९७ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे परवान्याचा प्रश्नही आला. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ई-बाईक टॅक्सीला मान्यता दिली, तो धंदा याहून निराळा आहे. दोहोंची गल्लत करून कोणी पैसे गुंतवू नयेत.

हा धंदा कोठे रुजला?

भूमध्य समुद्राच्या काठी फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत सायकलीवरची सैर जुनी आहे. इटलीत सानरेमो शहराजवळ समुद्राला लागून रेल्वे धावत असे. २००१ मध्ये ती आतल्या बाजूने नेली आणि पुढे जुन्या मार्गावर सुमारे २४ किलोमीटरचा सायकलरस्ता झाला. रेल्वेला मोठा चढ चालत नाही, म्हणून हा रस्ता सपाट आहे. परंतु त्या किनाऱ्यावर इतरत्र डोंगर थेट समुद्रात उतरतात. तेथे पूर्वी फक्त दमदार तरुण सायकल चालवीत. विजेची सायकल आली आणि पन्नास-साठीतील गिऱ्हाईकही येऊ लागले. नवरा दमदार आणि बायको दमणारी, बाप म्हातारा आणि मुलगा जवान, अशी जोडी एकत्र जाऊ लागली. थोडक्यात, यंत्राने रस्ता बदलला नाही, गिऱ्हाईक वाढवले.

आपल्याकडे गोव्यात २०१८ मध्ये बी-लाईव्ह या कंपनीने विजेच्या सायकलींवर वाटाड्यासह सैरी सुरू केल्या. दिवाड बेट, जुने गोवे अशा ठिकाणी लहान गट नेले जात. पुढे या कंपनीने विजेवरच्या दुचाक्या विकण्याची दुकानेही काढली. यातूनही व्यापाऱ्याने काही ओळखावे: नुसत्या सैरीवर मोठा पसारा उभा राहणे सोपे नाही.

कोकणचा रस्ता

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर सांगितला जात आला आहे. मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे अशी एकाहून एक ठिकाणे आहेत. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाल्याने अलिबागची बाजू मुंबईकरांना जवळ आली. वाटेत खाड्या आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथे फेरीबोटीने पलीकडे जाता येते. सायकलवाल्याला हा अडथळा नव्हे, सैरीतील गंमत आहे.

मात्र प्रत्येक खाडीनंतर रस्ता सड्यावर चढतो आणि पुन्हा गावात उतरतो. चढाला मोटार मदत करते, उताराला ब्रेकच लागतो. वजनदार सायकल, वळणाचा उतार आणि ओला रस्ता एकत्र आले की अपघात होतो. जून ते सप्टेंबर पाऊस, एप्रिल-मेमध्ये उकाडा. खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. शिवाय खारी हवा साखळी, नट आणि विजेच्या जोडण्या खाते. कापड कपाटात राहिले तर रंग उडतो. सायकल किनाऱ्यावर उभी राहिली तर गंजते.

नफा-नुकसान

पुढील आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा.

समजा आठ सायकली घेतल्या: सहा गिऱ्हाइकांना, एक वाटाड्याला, एक राखीव. हेल्मेटसह प्रत्येकी ४५,००० रुपये, एकूण ३,६०,०००. अर्ध्या दिवसाच्या सैरीचे माणशी १,२०० रुपये. सरासरी चार गिऱ्हाइके आली तर आवक ४,८००. खर्च असा: वाटाड्या १,०००, पाच माणसांचा नाश्ता ७५०, वीज ३०, फेरीबोट १००, दुरुस्ती ३००, लॉजवाल्याचे दहा टक्के कमिशन ४८०. एकूण २,६६०. हाती राहिले २,१४०.

हंगामात चोवीस आठवडे, शनिवार-रविवार धरून ४८ सैरी. म्हणजे १,०२,७२० रुपये. त्यातून शेडचे वर्षाचे भाडे २४,००० आणि विमा-जाहिरात १५,००० वजा केले की उरतात ६३,७२०. मुलगा म्हणतो, पहिल्याच वर्षी चौसष्ट हजार सुटले!

येथेच थांबून घसारा मांडावा. आठ बॅटऱ्या प्रत्येकी १२,००० धरल्या तर ९६,०००. त्या चार वर्षांत संपतील असे धरले तर वर्षाला २४,०००. उरलेल्या २,६४,००० रुपयांच्या सायकली सहा वर्षे चालल्या तर वर्षाला ४४,०००. एकूण घसारा ६८,०००. म्हणजे ६३,७२० च्या नफ्याचे ४,२८० रुपये नुकसान झाले. पैसा हातात खुळखुळतो आणि भांडवल गुपचूप झिजते. यंत्रमागवाल्याला हे ठाऊक असते. नवख्याला बॅटरी बसते त्या दिवशी कळते.

आता चारऐवजी सहाही सायकली भरल्या असे धरू. आवक ७,२००. नाश्ता १,०५०, वीज ४२, कमिशन ७२०, बाकी खर्च तेवढाच, मिळून ३,२१२. हाती ३,९८८. ४८ सैरींचे १,९१,४२४. भाडे, विमा-जाहिरात आणि घसारा वजा जाता ८४,४२४ रुपये खरा नफा. अर्थात या धंद्याचा सारा नफा शेवटच्या दोन गिऱ्हाइकांत आहे. वाटाड्याचे काम मालकाने स्वतः केले तर ४८,००० ची मजुरीही घरात राहते. आणि पाहा, विजेचा खर्च चार गिऱ्हाइकांच्या सैरीत ३० रुपये, म्हणजे खर्चाच्या एका टक्क्याच्या आसपास. "वीज स्वस्त आहे म्हणून धंदा चालेल" हे म्हणणे फोल आहे.

खरे भांडवल: वाटाड्या

सायकल कोणीही विकत घेऊ शकतो. शेजारी उद्या आणखी दहा आणील आणि भाव पाडील. जे विकत मिळत नाही ते म्हणजे माहीतगार माणूस. त्याने निघण्यापूर्वी प्रत्येकाचा ब्रेक तपासावा, मोकळ्या जागेत चालवून घ्यावे, उतारावर मोटार बंद करायला शिकवावे. भरती-ओहोटीची वेळ त्याला तोंडपाठ हवी. कोठे मासळी वाळत घातली आहे, कोणाच्या अंगणातून जाऊ नये, फोटोपूर्वी कोणाला विचारावे, हे परक्याला कळत नाही. दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळात केवढे बंदर होते, जंजिऱ्याचे सिद्दी कोण, हे सांगणारा माणूस असेल तरच गिऱ्हाईक बाराशे रुपये आनंदाने देतो. किनाऱ्यावरील अनेक घरांत जहाजावर नोकरी करून परतलेली माणसे आहेत. चार देश पाहिलेला, समुद्र ओळखणारा असा माणूस पगारी नोकर न ठेवता भागीदार करावा. पैसा आपला, ओळख त्याची. नफ्याचा वाटा आणि नुकसानीची जबाबदारी लेखी ठरवावी.

सुरुवात कशी करावी?

एकदम आठ सायकली घेऊ नयेत. पहिला हंगाम भाड्याच्या साध्या सायकलींवर सपाट वाटेने काढावा. गिऱ्हाईक सैरीचे पैसे देते की नाही हे कळायला मोटार लागत नाही. आपल्या भागात अशी चाचणी उजनीच्या काठीही करता येईल. थंडीत भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात, ते पाहायला माणसेही येतात, आणि तेथे कोकणासारखा चढ नाही. लागोपाठ दहा सैरींत सरासरी पाच गिऱ्हाइके आली, तर मग विजेच्या चार सायकली घ्याव्यात. बॅटरीसाठीची रक्कम प्रत्येक सैरीनंतर वेगळ्या डब्यात टाकावी आणि तिला हात लावू नये.

आणि ज्याला रविवारी पहाटे पाच वाजता उठून दहा साखळ्यांना तेल घालायचा कंटाळा आहे, त्याने वडिलांची रक्कम बँकेतून काढू नये.