पाहुणी मजूर आणि आपलं गाव



या महिन्याच्या बैठकीसाठी विषय आहे स्थलांतर. दिवाळी झाली की आपल्या धुळे-जळगावातून कोयते निघतात. कोणी गुजरातच्या ऊसतोडीला, कोणी सुरतला. त्याच वेळी सातपुड्यातली पावरा, बारेला कुटुंबं रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मजुरीला येतात. म्हणजे तिकडे आपण ‘बाहेरचे’ आणि इकडे ‘गावचे’. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

घर का सुटतं?

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला. पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात चाळीसगाव आणि शिंदखेडा होते. दोन वर्षांत एकाच तालुक्यात पूरही आणि दुष्काळही! ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो तग धरतो. जिची जमीन कोरडवाहू आहे किंवा जिला जमीनच नाही, तिला बोचकं बांधावं लागतं. १९७२ च्या दुष्काळातही हेच झालं. त्यातूनच महाराष्ट्राने रोजगार हमी आणली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. गावातच काम मिळावं, हा तिचा हेतू.

भांडण कशावरून होतं?

पहिलं, पाणी. उन्हाळ्यात हातपंपावर आधीच रांग असते. त्यात दहा नवे हंडे आले की तोंड सुटतं.

दुसरं, मजुरी. “ह्या बाया कमी पैशात राबतात, आमचा भाव पाडतात,” असं आपण म्हणतो. पण बऱ्याच जणींच्या घरी मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. उचल फिटेपर्यंत तिला भाव मागता येत नाही. म्हणजे भाव ती पाडत नाही, तिच्या डोक्यावरची उचल पाडते.

तिसरा, संशय. हा सगळ्यात वाईट. १ जुलै २०१८ ला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मुख्यतः सोलापूरच्या मंगळवेढा या दुष्काळी तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे होते. मोबाईलवर फिरणारा मजकूर कोणी तपासला नाही. त्या दिवशी दोन-चार बायांनी पुढे होऊन “थांबा, आधी विचारू” म्हटलं असतं तर? हा प्रश्न आपल्यालाही आहे.

गट काय करू शकतो?

- मजूर येण्याआधीच ग्रामसभेत पाण्याची वेळ ठरवून घ्या. त्यांच्या पालांजवळ टाकी ठेवली तर रांगेतली भांडणं कमी होतील.
- गावच्या आणि बाहेरच्या बाईला एकच मजुरी मागा. दोघींचा भाव एक असला की कोणाचाच पडत नाही.
- त्यांची लेकरं अंगणवाडीत न्या. गरोदर बाई असेल तर आशाताईला कळवा.
- रेशन कार्ड आता देशात कुठेही चालतं. आलेल्यांना सांगा, आणि सुरतला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींनाही. घरी राहिलेल्यांचा हिस्सा गावातच उचलता येतो.
- अफवा कानावर आली तर ती पुढे पाठवू नका. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना सांगा.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गटातल्या किती जणींच्या घरचं कोणी बाहेरगावी राबतं? तिथे त्यांना पाणी कोण देतं?
२. आपल्या शिवारात आलेल्या किती बायांची नावं आपल्याला माहीत आहेत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘एकही नाही’ आलं, तर ताईंनो, पुढच्या बैठकीआधी पालावर जाऊन या. नाव विचारा, गाव विचारा. जिचं नाव ठाऊक आहे, तिच्याविषयीची अफवा सहज पटत नाही.