माराला जा, पण रेहेकुरीवरून जा

अगं धाकटे, मसाई माराला जायचं तुम्ही पक्कं केलंत हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू! पै-पै करून पैसे साठवलेत, पोरांनी भिंतीवर केनियाचा नकाशा लावलाय, आत्याबाईसुद्धा यायला तयार झाल्यात. आता तू विचारतेस, ‘ताई, तयारी काय काय करू?’ कागदांचं सांगते, पैशांचंही सांगते. पण त्याआधी एक मागणं आहे. नैरोबीचं तिकीट काढायच्या आधी तुम्ही सगळे एकदा माझ्याकडे, नगरच्या कर्जतला या. आपण रेहेकुरीला जाऊ.

नगरात वाढलो आपण, तरी रेहेकुरी म्हटलं की लोक म्हणतात, ‘तिथं काय आहे बघायला? माळ तर आहे.’ मला हे ऐकवत नाही. काळविटांसाठी १९८० साली राखलेलं ते अभयारण्य आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. मारा आहे सुमारे १५१० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास सातशे रेहेकुऱ्या मावतील एवढं. पण दोन्हीकडे आहे तो माळच. गवत, काटेरी झाडं, लांबवर दिसणारं आभाळ आणि त्या गवतावर जगणारी जनावरं. विमानाचे एवढे पैसे भरून तुम्ही माळच बघायला निघालात, बाई! मग तो वाचायला आपल्या घरच्या माळावर शिकून जा.

सकाळी लवकर आलात तर दिसेल. काळा नर एकटाच एका जागी उभा असतो. दुरून वाटतं, उगाच उभा आहे. तो आपली हद्द राखत असतो. लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांखालच्या ग्रंथीचा वास काडी-काटक्यांना लावून त्याने ती आखलेली असते, आणि माद्यांचा कळप तिथून जावा म्हणून तो तासन्‌तास तिथून हलत नाही. पोरांना हे एकदा दाखव. मग मारात वारुळावर चढून उभा राहिलेला टोपी दिसला, की तुझा धाकटाच ओरडेल, ‘हा पण हद्द राखतोय!’ टोपी म्हणजे तिथलं तांबूस, जांभळट मांड्यांचं हरीण. त्याचे नरही असेच जागा धरून उभे राहतात. बहुतेक प्रवासी त्याच्याकडे बघतही नाहीत, सिंह शोधत पुढे जातात.

पाडसांचंही असंच. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि ते निपचित पडून राहतं. मारातल्या थॉमसन गॅझेलचंही तेच. विल्डबीस्टचं वासरू मात्र जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहून आईमागे धावायला लागतं. सारखाच माळ, पण जगायच्या रीती दोन. तुझ्या थोरलीला असलं काही कळलं की ती दिवसभर प्रश्न विचारत राहील, आणि प्रवासातून मुलांना याहून जास्त काय द्यायचं असतं?

आपलं काळवीट एवढं का पळतं, ठाऊक आहे? अभ्यासक म्हणतात, चित्त्यामुळे. या माळांवर एके काळी चित्ता होता. देशातला चित्ता संपल्याचं १९५२ साली सरकारने जाहीर केलं, पण त्याच्याही आधी तो इतका दुर्मीळ झाला होता की कोल्हापूरसारख्या संस्थानांनी काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. २०२२ साली कुनोला आणलेले चित्तेही आफ्रिकेचेच. मारात चित्ता दिसलाच तर मुलांना सांग, हा आपल्या माळावरून हरवलेल्याचा भाऊबंद आहे. आणि नगरला आफ्रिका काही नवी नाही हेही सांग. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा मलिक अंबर याच मुलखात निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांशी झुंजला. केनियाच्या उत्तरेला लागूनच त्याचा देश आहे.

आता कागदांकडे वळते, कारण तिथे चालढकल परवडत नाही.

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. केनियातून परतताना आपलं सरकार तिचं प्रमाणपत्र मागतं. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. आपल्याला जवळचं म्हणजे पुणं. वेळ आधी घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग ते जन्मभर चालतं. आत्याबाईंनी साठी ओलांडलीय, म्हणून त्यांना थेट केंद्रावर नेऊ नकोस. आधी त्यांच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखव. उतारवयात पहिल्यांदा घेतली तर ही लस क्वचित त्रासाची ठरते, आणि निर्णय डॉक्टरांचाच असायला हवा. अंड्याचं वावडं असेल तर तेही सांगायचं. हिवतापाच्या गोळ्यांचं त्याच भेटीत विचारून घे. मारात डास आहेत, आणि या गोळ्या निघायच्या आधीपासून परत आल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. मध्येच सोडू नका.

दुसरं, परवानगी. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती मुलांनाही वेगळी काढावी लागते. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. आणि तुझं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर असं आहे ना, ते आत्ताच तपास. तिकीट, परवानगी आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव अक्षरन्‌अक्षर एकच असू दे.

महिना कुठला? इथे मात्र आपल्या शाळांच्या सुट्ट्या आडव्या येतात. मे महिन्यात सुट्टी असते, पण तिथला मोठा पाऊस मार्च ते मे असतो. रस्ते चिखलाचे, गवत उंच. दर स्वस्त दिसतील, पण पहिल्याच प्रवासाला मे नको. टीव्हीवर दाखवतात तो विल्डबीस्टचा लोंढा साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतो. बारा-पंधरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे, सेरेंगेटीतून हिरव्या गवतामागे आलेले. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी सुट्टीत त्याचं शेपूट तरी गाठता येतं. पण खरं सांगू? मी तुझ्या जागी असते तर शाळेत आठवडाभराची रजा मागून जानेवारी-फेब्रुवारीत गेले असते. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते बारमाही तिथेच राहतात, हवा कोरडी असते आणि गर्दी कमी. शिवाय राखीव क्षेत्रात शिरायचं शुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून त्याच्या निम्मं. तुम्ही तीन मोठी माणसं, तीन दिवस, हिशोब कर. वाचलेल्या पैशांत मुक्काम एका दिवसाने वाढव. लोंढा मारा नदी ओलांडताना दिसेलच याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि त्या काठावर गाड्यांची इतकी दाटी होते की बिचारी जनावरं उतरता उतरता मागे फिरतात. गेलातच तर ड्रायव्हरला ठाम सांग, आम्हाला पुढे घुसायचं नाही.

सहलीच्या कंपनीला विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. जेवणात काय, हे सगळे विचारतात. अगं, चपाती आणि चहा केनियात घरोघरी आहे, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तू विचार, एका गाडीत किती जणं, प्रत्येकाला खिडकी मिळेल का, मारात नेमक्या किती रात्री. सात दिवसांत चार ठिकाणं दाखवणारी सहल मला पटत नाही. अर्धा जन्म गाडीतच जातो. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास आहे आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो, आत्याबाईंच्या कमरेचा विचार कर. छोट्या विमानाने तासाभरात पोचता येतं, पण त्यात सामान माणशी पंधरा किलोच, तेही मऊ पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात भरू नकोस, केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. स्वेटर मात्र हवेत. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि पहाटे उघड्या छताच्या गाडीत कुडकुडायला होतं. आफ्रिका म्हणजे ऊनच, असं समजून लोक सुती कपड्यांवर जातात.

जमलं तर दोन रात्री राखीव क्षेत्राच्या बाहेर, मसाईंच्या खासगी राखीव कुरणांत काढा. मसाई जमीनमालक आपली जमीन एकत्र करून वन्यजीवांसाठी भाड्याने देतात आणि त्यांना दरमहा पैसे मिळतात. तिथे गाड्या मोजक्या, पायी फिरता येतं, रात्रीही जाता येतं. राहणं महाग पडतं, पण जनावरांसोबत जमीन वाटून घेणाऱ्याच्या हातात तो पैसा जातो, म्हणून मला तो खर्च योग्य वाटतो. मसाई गुराखी पाहिला की तुला आपला धनगर आठवेल. पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर कोकणाकडे, मेंढरांमागे चालणारा. ज्या अहिल्यादेवींचं नाव आता जिल्ह्याला दिलंय त्यांचं गाव चौंडी रेहेकुरीहून फार लांब नाही, आणि लांडगा, खोकड, धाविक पक्षी अजून टिकलेत तेही मेंढरं चरणाऱ्या याच माळांवर. मसाईंचे फोटो काढण्याआधी विचार. आपल्या वाड्यावर कुणी न विचारता कॅमेरा रोखला तर धनगरणीला आवडेल का?

आणि एक काम माझं म्हणून कर. मारात कोरी नावाचा मोठा, उंच मानेचा पक्षी गवतातून संथ चालताना दिसेल. ड्रायव्हर त्याच्यापाशी बहुधा थांबणार नाही, कारण तो सिंह, हत्ती, म्हैस, बिबट्या आणि गेंडा या पाचांच्या यादीत नाही. ती यादी मुळात शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड जनावरं कोणती याची. तू गाडी थांबव. कोरी हा आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा नातलग. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं, आणि आज तो या माळांवर दिसणं जवळपास संपलं आहे. सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला गेला, नांगरला गेला, त्यावर झाडं लावली गेली, आणि आपण कुणी बोललो नाही. तुझ्या पोरांनी कोरी डोळे भरून पाहावा आणि घरी आल्यावर विचारावं, आपला कुठे गेला?

म्हणून म्हणते, आधी इकडे या. नवी दुर्बीण रेहेकुरीतच पहिल्यांदा डोळ्यांना लावा. प्रत्येकी एक नसली तरी दोन तरी घ्या, आठ पटीची पुरे. एकमेकांच्या हातातून ओढण्यात जनावर निघून जातं. धाकटा दोन तास न बोलता बसू शकतो का, हे इथेच कळेल. आत्याबाईंना खडखडीत रस्ता सोसतो का, हेही. पाव्हण्यांना सांग, भडक शर्ट नको. रेहेकुरी आवडली तर परतताना बारामतीजवळ शिर्सुफळ किंवा इंदापूरकडे कडबनवाडीलाही जाता येईल, वनखात्याने तिथे गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे.

पावसाळा सरता सरता या, गवत हिरवं असेल. त्याआधी आत्याबाईंच्या डॉक्टरांची वेळ घे आणि पासपोर्टांच्या तारखा मला फोनवर वाचून दाखव. कर्जतला शनिवारी मुक्कामालाच या, भाकरी-पिठल्याचं मी बघते. रविवारी पहाटे पाचला निघू.