कोरडी काडी

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात: एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार ही गावे घाटावर आहेत. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखाली. घाटाखालच्या सपाट मुलखातून पूर्णा नदी वाहते आणि पुढे तापीला मिळते. पूर्णेच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. त्या डोंगरात मोठा पाऊस झाला, म्हणजे तेथील नद्यानाले पाहता पाहता फुगतात आणि त्यांचे पाणी काळ्या रानात पसरते. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत असेच घडले. अतिवृष्टीमुळे घराघरांत पाणी शिरले आणि रस्ते बंद पडले.

अशा प्रसंगी घर सोडावे लागले, तर धान्याची पोती किंवा लाकडी पेटी उचलून नेता येत नाही. हाती येते ती एक लहानशी पुरचुंडी. काडेपेटी, विजेरी, आजीच्या गोळ्या, शिधापत्रिका, सातबाऱ्याचा उतारा एवढेच तिच्यात मावते. पण पाणी ओसरल्यावर चूल पेटवावयाची तर काडी कोरडी हवी. नुकसानीची नोंद करावयाची तर कागदावरील अक्षर वाचता आले पाहिजे. म्हणून ही पुरचुंडी मृग लागण्यापूर्वीच बांधून ठेवणे बरे.

प्रथम काडीचाच विचार करू. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट नावाचे क्षार असते आणि ते सरसाने काडीला चिकटवलेले असते. क्षार पाण्यात विरघळते, सरस मऊ पडतो. पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस लावलेला असतो. तो पट्टा भिजला तर कोरडी काडीही निरुपयोगी ठरते. यावर उपाय मेणाचा. मोठ्या माणसाला जवळ बसवून एका वाटीत मेणबत्तीचे तुकडे घ्यावेत व ती वाटी कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेणाची वाटी उघड्या विस्तवावर कधीही ठेवू नये, कारण मेण भडकते. मेण वितळले की काडीचा गुल आणि निम्मी काडी क्षणभर बुडवून बाहेर काढावी. काडी ओढण्यापूर्वी गुलावरचे मेण नखाने खरवडावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे. कडेचा पट्टा कापून, कागदात वेगळा गुंडाळून, त्याच बाटलीत ठेवावा. तो उघडाच काड्यांबरोबर ठेवला, तर बाटली हिंदकळताना गुलावर घासला जाईल.

परंतु घाटाखालचा उन्हाळा विसरून चालणार नाही. तेथे मे महिन्यात पारा सहज चाळीस अंशांवर चढतो. मेणबत्तीचे मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंशांच्या दरम्यान वितळते. हवेच्या उष्णतेने ते वितळत नाही, हे खरे. मात्र तापलेल्या टिनपत्र्याखाली माळ्यावर ठेवलेली बाटली हवेपेक्षा अधिक तापते, मेण मऊ होते आणि काड्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. गोळ्यांच्या औषधालाही ही उष्णता सोसत नाही. पाण्यापासून वाचवावयाचे तर वस्तू उंच ठेवावी आणि उन्हापासून वाचवावयाचे तर खाली, अशी ही अडचण आहे. तिचा उलगडा सोपा आहे. उन्हाळाभर पुरचुंडी मातीच्या भिंतीतील देवळीत असावी. पहिला पाऊस पडला की तीच उंच खुंटीवर जावी.

वस्तू राखण्याची ही विद्या खेड्यातील बायांना नवी नाही. बियाणे राखेत मिसळून मडक्यात भरावयाचे आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकावयाचे, ही जुनी रीत आहे. ओल केवळ पावसाच्या थेंबातून येत नाही, ती हवेतूनही येते, हे त्या रीतीत ओळखलेले होते. म्हणूनच श्रावणातल्या दमट दिवशी बंद केलेल्या बाटलीत रात्रीच्या गारव्याने दव धरते. बाटली कोरड्या दिवशी भरावी आणि आत भाजून निववलेल्या तांदळाची छोटी थैली टाकावी. ते तांदूळ आतली ओल शोषून घेतात.

कागदांना दोन पिशव्या हव्यात. आतल्या पिशवीतील हवा दाबून काढावी, तोंड पीळ देऊन आवळावे, तो पीळ दुमडावा आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले कडे चढवावे. नुसती गाठ मारली, तर चुण्यांतून पाणी वाट काढते. मग ती पिशवी उलटी करून दुसरीत घालावी. नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावेत. दौतीतली शाई पाण्यात पसरते. पेन्सिलीचे अक्षर टिकते.

विजेरीतील सेल काढून वेगळे गुंडाळावेत, नाहीतर पडून राहिलेले सेल पाझरून विजेरी बिघडवतात. गोळ्या मूळ पाकिटातून सुट्या करू नयेत. घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यावर पुष्कळांचा भरवसा असतो, तो व्यर्थ आहे. तो डबा मुंग्या अडवतो, पाणी नाही. झाकणाला आटे आणि आत रबरी कडे असलेली बरणीच हवी.

आता तिची परीक्षा. बरणीत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घालून झाकण लावावे आणि ती बादलीभर पाण्यात दगडाखाली रात्रभर दाबून ठेवावी. झाकणाच्या कडेने बुडबुडे निघाले, तर तेथे फट आहे असे जाणावे, कारण ज्या वाटेने हवा बाहेर पडते त्याच वाटेने पाणी आत येते. सकाळी बरणी बाहेरून पुसून मगच उघडावी. कागदाचा कोपरा मऊ लागला, तर कडे बदलून पुन्हा एक रात्र ती बादलीत ठेवावी. कागद कुरकुरीत निघाला, तर त्याच दिवशी काड्या भराव्यात.