दारू सुटल्यानंतर : मनाचे आजार आणि कुटुंबाचे कर्तव्य

घरातील कर्त्या माणसाची दारू सुटली म्हणजे सारे काही सुरळीत झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. आषाढी एकादशीला गळ्यात माळ घालून, नाही तर मुलाबाळांची शपथ घेऊन एखादा गृहस्थ दारू सोडतो. घरात आनंद होतो, शेजारीपाजारी कौतुक करतात. परंतु थोड्याच दिवसांत तो अबोल होतो, रात्र रात्र जागा राहतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो, कामावर जाण्याचे टाळतो. ‘पीत होता तेव्हा निदान हसत-बोलत तरी होता’, असे उद्गार मग घरच्यांच्याच तोंडून निघतात. पुष्कळदा याच टप्प्यावर तो पुन्हा दारूकडे वळतो आणि दोष मात्र त्याच्या दुबळ्या मनोनिग्रहाला दिला जातो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. दारू सुटणे हा उपचाराचा शेवट नसून आरंभ होय. दारूने जे झाकून ठेवले होते आणि दारूनेच जे निर्माण केले होते, असे दोन्ही प्रकारचे मानसिक आजार या काळात उघडे पडतात. ते ओळखणे हे कुटुंबाचे, आणि कुटुंबाला साह्य करणे हे गावाचे काम आहे.

पहिला आठवडा दक्षतेचा

दारू मेंदूचे व्यापार मंदावते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाशी झगडत अधिक जोमाने काम करण्याची सवय लावून घेतो. दारू एकाएकी थांबली की हा जोर अनावर होतो. मोटेचा नाडा अचानक तुटला की बैल जसे पुढे झेपावतात, तसाच हा प्रकार आहे. शेवटच्या पेल्यानंतर साधारणपणे ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. काही रुग्णांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. नसलेली माणसे, किडे वा जनावरे दिसतात, वेळ-काळाचे भान सुटते, ताप चढतो. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

तिला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचे तास वाया जातात. भूत उतरविण्याच्या निमित्ताने दोराने वा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू अवश्य सोडावी, परंतु ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. पूर्वी झटके वा भ्रम होऊन गेला असल्यास रुग्णालयात दाखल होणेच श्रेयस्कर.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. नित्य पिणाऱ्याचा आहार तुटपुंजा असल्याने त्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची उणीव असते. अशक्तपणा आला म्हणून केवळ ग्लुकोजची सलाईन लावून घेतल्यास ही उणीव अधिक तीव्र होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते. म्हणून ब-१ आधी वा बरोबर द्यावे लागते. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे व डोळ्यांच्या हालचालीत बिघाड ही या उणिवेची लक्षणे होत. वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्ती कायमची अधू होण्याची भीती असते.

पुढील महिने

शरीर सावरले तरी मन लगेच सावरत नाही. उदासीनता, चिंता आणि निद्रानाश या तीन तक्रारी बहुतेकांना जाणवतात. दारूमुळे आलेली उदासीनता पुष्कळांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरते. झोप पूर्ववत होण्यास मात्र कित्येक महिने लागू शकतात. चार आठवड्यांनंतरही उदासीनता कायम असेल, किंवा दारू लागण्यापूर्वीही ती होती असे घरच्यांना आठवत असेल, तर तो स्वतंत्र आजार समजून मानसोपचारतज्ज्ञांकडून उपचार घ्यावेत. ‘दारू लागण्याआधी हा माणूस कसा होता?’ या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांना फार उपयोगी पडते आणि ते आई, पत्नी वा भाऊ यांच्याकडूनच मिळू शकते.

शुद्धीवर असतानाही कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे वाटणे, पत्नीच्या चारित्र्याविषयी निराधार संशय घेणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. अशा संशयाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. त्यातून हिंसा घडू शकते. पत्नीने सोसत राहावे असा सल्ला देणारे नातलग तिचे व रुग्णाचेही अहित करतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आणि त्याखालील संरक्षण अधिकारी यांची माहिती तिला दिली पाहिजे.

घरच्यांनी कसे वागावे

मागील हिशेब काढण्याचा मोह या काळात आवरावा लागतो. ‘पंधरा वर्षे घर जाळलेस, आता रडतोस कशाला?’ हा प्रश्न खोटा नसला तरी त्या वेळी उपयोगाचा नसतो. त्याऐवजी धाकट्या भावाने ‘दादा, रात्री झोप लागली का?’ एवढे रोज विचारले तरी मन मोकळे होण्यास वाट मिळते. उत्तर न मिळाल्यास रागावू नये. जेवणाची व झोपेची वेळ ठरवावी, झेपेल असे काम सोपवावे, घरात दारू ठेवू नये आणि लग्नकार्यात आग्रह करणाऱ्यांना घरच्यांनीच थोपवावे. मात्र खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, चारचौघांत हिणवणे यांमुळे विश्वास तुटतो. एखाद्या वेळी तोल गेला तर सारे संपले असे न मानता दुसऱ्याच दिवशी पुन्हा उपचाराकडे वळावे. मधुमेहात साखर वाढली म्हणून कोणी औषध सोडून देत नाही.

औषधांविषयी दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांपैकी अनेकांची सवय लागते. उदासीनतेवरील औषधांचे व्यसन लागत नाही, परंतु त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात व ती मनाने बंद करू नयेत. दुसरे, दारू सोडविणारे औषध भाजी-आमटीत गुपचूप मिसळू नये. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब घसरून जीव जाऊ शकतो. ते रुग्णाच्या माहितीने व संमतीनेच द्यावयाचे असते.

मरणाची भाषा कधीही थट्टेवारी नेऊ नये. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट भार हलका होतो. शेतकरी कुटुंबात कीटकनाशके कुलपात, शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत आणि अशा माणसाला एकटे सोडू नये.

कायदा, शासन आणि गाव

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचाही समावेश केला आहे. त्यामुळे शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा अशा रुग्णाचा हक्क ठरतो. या अधिनियमाने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर सोपविली आहे. घरात रुग्णाची हेळसांड वा छळ होत असल्यास ठाणे अंमलदाराने ती बाब दंडाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावयाची असते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने राबविला जात आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतही सल्ला मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेण्याचा पायंडा पाडला.

हे दोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिणे बिनखर्चाचे काम आहे. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत ‘दारू सुटली का?’ एवढ्यावर न थांबता झोप, भूक व मन:स्थितीची विचारपूस करावी. वर्गात एकाएकी गप्प झालेल्या मुलाच्या घरी काय चालले आहे, याची कल्पना शिक्षकाला सर्वांआधी येऊ शकते. रोजगार हमीच्या कामावर अशा माणसाला सामावून घेणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

या साऱ्यात जी व्यक्ती सांभाळ करते तिचाही विचार झाला पाहिजे. मद्यपींच्या नातलगांसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अल-अनॉनच्या मुळाशी हीच जाणीव होती. एकट्या पत्नीवर वा आईवर सारा भार न टाकता दीर-जावा, भाऊ-बहिणी यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. तिला आठवड्यातून एक दिवस तरी निर्धास्त झोप मिळावी.

माळ घातली त्या दिवशी सारे गाव भेटायला येते. त्यानंतरच्या चौथ्या महिन्यात, तोच गृहस्थ ओट्यावर मान खाली घालून बसलेला असताना, जो शेजारी क्षणभर थांबून त्याची चौकशी करतो, त्याचे साह्य अधिक मोलाचे होय.