सगळ्यांचा अर्थ ‘घडणे’च कसा?

सातवी-आठवीतल्या मुलाची इंग्रजीची वही एकदा उघडून बघा. पानाच्या मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. हॅपन म्हणजे घडणे. अकर म्हणजे घडणे. टेक प्लेस म्हणजेही घडणेच. अराइजपाशी बहुतेक ‘उद्भवणे’ असतं, नाहीतर कंटाळून वरच्याचीच नक्कल.

मग कधीतरी मूल विचारतं, “आई, अर्थ एकच आहे तर इतके शब्द कशाला?” आणि हा प्रश्न येतो तो नेमका कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये. आपण सगळेच तेव्हा म्हणतो, “आहे तसं पाठ कर ना बाळा, परवा टेस्ट आहे.”

खरं सांगू? यात नुसती घाई नसते. आपल्यालाही नक्की ठाऊक नसतं आणि ते मुलाला कळू नये असं वाटत असतं. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांची एबीसीडीशी ओळख पाचवीत झालेली. त्यामुळे मुलाच्या इंग्रजीच्या वहीजवळ गेलं की पोटात थोडं ढवळतंच.

पण या शब्दांपुरतं घाबरायचं कारण नाही. मुलाला सहज म्हणून बघा, “काल चौकात अपघात पार पडला.” ते हसेल. “ताईचं लग्न उद्भवलं,” म्हणा. आणखी हसेल. का हसलास विचारलं तर कदाचित नीट सांगता येणार नाही, पण त्याच्या कानाला कळलेलं असतं. पार पडतं ते आधी ठरवलेलं, तयारी केलेलं. उद्भवते ती अडचण. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. घरात बोलणं ऐकून आलंय.

तोच कान इंग्रजीला लावायचा. टेक प्लेस हे साधारण आपलं पार पडणं: सामना, परीक्षा, गॅदरिंग, बारसं. अराइज म्हणजे उद्भवणं: शंका, गरज, भांडण. क्रॉप अप म्हणजे मध्येच उपटणं. आणि टर्न अप? फोन न करता दुपारी अडीचला टपकलेले पाहुणे. ते शिकवायला आपल्याला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

हॅपन सगळ्यात घरगुती. त्याच्या पोटात ‘हॅप’ हा जुना शब्द आहे, अर्थ नशीब किंवा योगायोग. हॅपी, परहॅप्स, मिसहॅप ही सगळी त्याचीच भावकी. म्हणूनच ‘आय हॅपन्ड टू मीट हिम’ म्हणजे तो मला ठरवून नाही, सहज भेटला. शब्दांची अशी नातीगोती मुलांना फार आवडतात. टेस्टमध्ये येणार नसली तरी सांगा.

अकर मात्र इस्त्रीचे कपडे घातलेला शब्द. बातमीत, अहवालात, विज्ञानाच्या पुस्तकात बसतो. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची खरी पंचाईत तिथेच होते. पुस्तकात असतं की सोन्यासारखे धातू निसर्गात मुक्त अवस्थेत ‘अकर’ होतात. वहीत अर्थ लिहिलेला ‘घडणे’. म्हणजे सोनं जमिनीत घडतं? बिचारं मूल वाक्य चार वेळा वाचतं आणि ‘मला सायन्स जमत नाही’ असं ठरवून टाकतं. खरं तर सायन्स जमतंय. वहीतला अर्थ अपुरा आहे. तिथे अकर म्हणजे आढळणे. आणि ‘अ‍ॅन आयडिया अकर्ड टू मी’मध्ये तोच अकर म्हणजे सुचणे. म्हणून उजव्या रकान्यात नुसता अर्थ लिहिण्याऐवजी शक्य तिथे एक छोटं वाक्य लिहू द्यावं. अर्धं पान जास्त जाईल, जाऊ दे.

आता आपल्या सगळ्यांच्या घरातली ती प्रसिद्ध चूक: ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’. मुलांवर उगाच चिडतो आपण. मनात ‘झाला होता’ असतं, त्यातल्या ‘होता’साठी ते ‘वॉज’ शोधून आणतात. त्यात शाळेत पॅसिव्ह व्हॉइस इतका घोटून घेतलेला असतो की कुठेही ‘वॉज’ चिकटवावासा वाटतो. नियम सांगत बसण्यापेक्षा घडणे आणि घडवणे ही जोडी आठवून द्या. मडकं कुणीतरी घडवतं, म्हणून ते घडवलं जातं. अपघात आपला आपण घडतो. हॅपन, अकर, अराइज, अपिअर ही सगळी घडण्याच्या बाजूची मंडळी. त्यांच्यामागे घडवणारा कुणी नाही, म्हणून त्यांना असा ‘वॉज’ लागत नाही.

स्पेलिंगची रडारडही यातच असते. हॅपन्डमध्ये एकच एन आणि अकर्डमध्ये दोन आर का? दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावा. हॅपनमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर येतो, अकरमध्ये शेवटच्या. जोर शेवटी आला आणि शेवटच्या अक्षराआधी एकच स्वर असला, की ते अक्षर दुप्पट होतं. टाळी वाजवून म्हटलं की पटकन लक्षात राहतं, आणि आपणही त्या निमित्ताने शिकतो.

अपिअर आणि सीम यांचं भांडण त्या मानाने सौम्य आहे. आपल्या ‘दिसणे’सारखीच अपिअरची दोन कामं: ढगाआडून चंद्र दिसू लागला तेही अपिअर, आणि बाबा दमलेले दिसतात तेही अपिअर. दुसऱ्या ठिकाणी सीमही चालतं, पण ते ‘वाटणे’च्या जास्त जवळचं, पहिल्या ठिकाणी चालत नाही. आणि हो, आपल्याकडे परीक्षेलाही मुलं ‘अपिअर’ होतात. इंग्लंडातली मुलं आपल्यासारखीच नुसती परीक्षेला ‘बसतात’.

हे सगळं ठीक. पण मला जास्त सलतं ते वेगळंच. जेवताना आपण हौसेने म्हणतो, “आज शाळेत काय झालं ते इंग्लिशमध्ये सांग बघू.” मूल सुरू करतं, “टुडे वन थिंग वॉज हॅपन्ड...” आपण लगेच, “वॉज नको.” ते पुन्हा, “वन थिंग हॅपन्ड. माय फ्रेंड वॉज क्राय...” आपण, “क्राइंग.” आणि मग ताटाकडे बघत ते म्हणतं, “जाऊ दे, काही नाही.”

मैत्रीण का रडत होती, ते राहूनच गेलं. कदाचित तेच सांगायचं होतं सकाळपासून.

आपला हेतू वाईट नसतो. इतकी फी भरतोय, उद्या मुलाखतीत अडखळायला नको, आपली झाली तशी फजिती त्याची होऊ नये, एवढंच असतं मनात. पण मुलाला आपली काळजी दिसत नाही. त्याला दिसतं की आपली गोष्ट कुणी ऐकत नाहीये, फक्त तपासतंय. गोष्ट संपेपर्यंत गप्प राहून मग नुसतं “ओह, व्हेन डिड इट हॅपन?” एवढं विचारलं, तरी बरोबर रूप त्याच्या कानावर पडतंच. हे सोपं नाही, जीभ वळवळते. आणि गोष्ट रडण्याची असेल तर सरळ मराठीत येऊ द्यावी.

आपल्याला उत्तर येत नसेल तेव्हा शब्दकोश दोघांनी मिळून उघडायला लाज कसली? ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा जाड कोश ज्यांच्यामुळे झाला ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या भाषेत नेमकं कुठे पाय घसरतो, हे त्यांनी वर्गात पाहिलेलं. म्हणून त्यात अर्थाबरोबर वाक्यंही असतात. आधी ती वाचायची, अर्थ नंतर.

एक इशारा देऊन ठेवते. हे सगळं नीट समजावून झालं की एक दिवस चिरंजीव इंग्रजी पेपर घेऊन येतील. ‘द अ‍ॅक्सिडेंट टुक प्लेस’ असं छापलेलं दाखवतील आणि म्हणतील, “तू तर म्हणाली होतीस अपघात पार पडत नाही!” मान्य करून टाका. बातम्यांमध्ये अपघातालाही टेक प्लेस लावतात; बोलताना हॅपन बरं वाटतं, आणि परीक्षेत बाईंनी शिकवलंय तसं लिहायचं. मात्र त्याने आपण न सांगता पेपर वाचला, याचं त्या दिवशी अजिबात कौतुक करू नका. केलंत, तर दुसऱ्या दिवशी तो हात लावणार नाही.